बाण सुटण्यापूर्वी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गाभाऱ्याला वेढणारी एक अरुंद, अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. राजराज चोळाने इसवी सन १०१० मध्ये हे मंदिर पूर्ण केले. पुढे नायक राजांच्या काळी त्या वाटेतील भिंतींवर नवी चित्रे रंगविली गेली आणि जुनी चोळकालीन चित्रे त्यांखाली झाकली गेली. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठातील एस. के. गोविंदस्वामी ह्यांनी ती उजेडात आणली. त्यांपैकी एक भव्य चित्र त्रिपुरांतक शिवाचे आहे. रथारूढ, धनुष्य सज्ज केलेला शिव, सारथ्याच्या जागी ब्रह्मदेव आणि समोर त्वेषाने उभे ठाकलेले असुर असा तो प्रसंग आहे. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर, वरच्या ओळीतील कोनाड्यांतूनही हाच धनुर्धर शिव पुनःपुन्हा भेटतो.

त्रिपुरदहनाची कथा सर्वश्रुत आहे. त्या युद्धासाठी पृथ्वीचा रथ झाला, चंद्रसूर्य त्याची चाके झाले, मेरुपर्वताचे धनुष्य झाले, वासुकीची प्रत्यंचा झाली आणि साक्षात विष्णू बाण झाला. ह्याहून अधिक सिद्ध, अधिक अमोघ शस्त्रसामग्री कल्पनेतही येणे कठीण. परंतु तमिळ देशी ही कथा सांगताना तिचा शेवट निराळा सांगतात. शिवाने बाण सोडलाच नाही; तो केवळ हसला आणि त्या हास्यानेच तिन्ही पुरे भस्म झाली. आपल्यावाचून हे कार्य व्हायचे नाही असे धनुष्याला वाटत होते, तसे बाणालाही वाटत होते. त्या दोघांचाही गर्व उतरला.

शस्त्राने किती करावे आणि शस्त्रधाऱ्याने किती करावे, हा त्या कथेच्या पोटातला प्रश्न आहे. तो पुराणातच राहिलेला नाही. ज्या देशांत धनुष्यबाणाने शिकार करण्याची आजही कायद्याने मोकळीक आहे, विशेषतः अमेरिकेत, तेथे ह्याच प्रश्नावर गेली अनेक वर्षे वाद चालू आहे. धनुष्यावर विजेरीवर चालणारी उपकरणे बसवावीत की नाहीत? अंतर मोजणारा लेसर किरण, नेमाचा ठिपका आपोआप दाखविणारे भिंग, बाणाच्या शेपटाशी पेटणारा दिवा, ही साधने धनुर्धाऱ्याच्या हाती असणे योग्य की अयोग्य? वरवर पाहता हा परदेशी शौकिनांचा घरगुती तंटा वाटेल. पण थोडे खोल गेले म्हणजे त्यात माणूस, यंत्र आणि मुका प्राणी ह्या तिघांच्या परस्परसंबंधाचा गंभीर प्रश्न दडलेला दिसतो. आणि त्याच्या उत्तराच्या काही खुणा तंजावरच्या परिसरात आणि आपल्याच ग्रंथांत सापडतात.

प्रथम ह्या वादाची पूर्वपीठिका पाहू. बंदूक हाती आल्यानंतर पाश्चात्त्य देशांत धनुष्य मागे पडले होते. ते पुन्हा शिकाऱ्याच्या खांद्यावर आले त्यामागे एक करुण कहाणी आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी आदिवासी पुरुष लोकांना आढळला. याही जमातीतील तो अखेरचा माणूस होता. त्याला इशी ह्या नावाने ओळखू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात त्याचे पुढचे आयुष्य गेले आणि १९१६ साली क्षयाने त्याचा अंत झाला. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यवैद्य सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करावयास आणि पारध करावयास शिकले. इशीची पद्धत घाईची नव्हती. ओठांशी बोटे नेऊन तो सशाच्या पिलाच्या ओरडण्यासारखा आवाज काढी, सावज आपल्या पायांनी जवळ येईपर्यंत निश्चल बसून राही आणि अगदी थोड्या अंतरावरून बाण सोडी. पोप ह्यांनी १९२३ साली ह्या विद्येवर पुस्तक लिहिले आणि धनुष्याच्या शिकारीची नवी परंपरा सुरू झाली. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग ह्यांच्या नावाने १९६१ साली पोप अँड यंग क्लब ही संस्था स्थापन झाली. धनुष्याने केलेल्या शिकारीची नोंद ठेवणे आणि त्या शिकारीचे नियम सांभाळणे, हे तिचे काम.

त्याहीपूर्वी, १८८७ साली, थिओडोर रूझवेल्ट प्रभृतींनी बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था काढली होती. सावजाला निसटण्याची न्याय्य संधी असली पाहिजे, हे तत्त्व त्या संस्थेने शिकाऱ्यांपुढे ठेवले. पळायला वाट नाही अशा प्राण्याला मारण्यात पुरुषार्थ नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ. धनुष्याची शिकार ह्या तत्त्वाची पुढची पायरी मानली गेली. बंदुकीची पोच दूरची, म्हणून ती स्वखुशीने बाजूला ठेवायची. धनुष्य घेऊन रानात शिरायचे. वाऱ्याची दिशा, पाचोळ्याचा आवाज, प्राण्याची नजर ह्यांचा अभ्यास करीत वीसपंचवीस पावलांवर जायचे, आणि तरीही दहापैकी नऊ वेळा हात हलवीत परत यायचे. साधनाची मर्यादा हाच ह्या छंदाचा प्राण होता.

परंतु मर्यादा एकदा पत्करली तरी ती जागच्या जागी राहत नाही. मिसूरी राज्यातील होलेस विल्बर अ‍ॅलन ह्यांनी १९६६ साली एका नव्या धनुष्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्यांना मिळाले. ह्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना मध्यबिंदू सोडून बसविलेल्या कप्प्या असतात. साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते, आणि पूर्ण ताणल्यावर सगळा भार बोटांवर येतो. ह्या कंपाउंड धनुष्यात मात्र कप्पी फिरली की शेवटी भार एकदम हलका होतो. साठ पौंडांचे धनुष्य ऐंशी टक्क्यांनी हलके झाले, तर पूर्ण ताणलेल्या अवस्थेत हातावर केवळ बारा पौंडांचा भार राहतो. धनुर्धारी निवांतपणे नेम धरून उभा राहू शकतो. पोप अँड यंग क्लबाने भार हलका होण्याची कमाल मर्यादा पासष्ट टक्के ठरविली होती. पुढे ती शिथिल करावी लागली.

कप्प्या चालतात, मग विजेरी का नको, असे विचारणारे लवकरच पुढे आले. २०१८ साली गार्मिन कंपनीने धनुष्यावर बसविण्याचे एक नेमयंत्र बाजारात आणले. शिकाऱ्याने धनुष्य ताणून एक कळ दाबायची. लेसर किरण सावजापर्यंत जाऊन परत येतो, यंत्र अंतर मोजते आणि तेवढ्या अंतरासाठी नेम नेमका कोठे धरावा ते भिंगात ठिपक्याने दाखविते. अंतराचा अंदाज ही धनुर्धाऱ्याची सर्वांत कठीण आणि सर्वांत उशिरा साध्य होणारी कला. ती त्या कळीने अनावश्यक करून टाकली. काही राज्यांनी अशा यंत्रास परवानगी दिली, काहींनी मनाई केली. पोप अँड यंग क्लबाच्या नियमानुसार धनुष्यावर वा बाणावर विजेरीचे उपकरण असता कामा नये. तथापि २०१४ साली त्या नियमाला दोन अपवाद जोडण्यात आले. बाण सुटताच त्याच्या शेपटाच्या खाचेत पेटणारा चिमुकला दिवा चालेल, आणि केवळ चित्रण करणारा कॅमेरा चालेल. मात्र अंतर मोजण्यास, नेम धरण्यास किंवा बाण सोडण्यास त्यांचे साहाय्य होता कामा नये.

नव्या साधनांचा कैवार घेणाऱ्यांची बाजू हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ती तीन प्रकारे मांडली जाते. पहिले म्हणणे असे की, आजचे जुने हे काल नवेच होते. दगडाच्या अग्राऐवजी लोखंडाचे अग्र आले, तेव्हाही कोणी नाक मुरडलेच असेल. दुसरे म्हणणे वयाने थकलेल्यांचे आणि शरीराने अधू असलेल्यांचे. यंत्राने त्यांना रानात जाता येत असेल, तर त्यांना घरी बसविण्याचा अधिकार कोणाचा? तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे, कारण ते सावजाच्या वतीने केलेले आहे. अंतराचा अंदाज चुकला म्हणजे बाण मर्मी लागत नाही. पोटात किंवा मांडीत लागतो. जखमी हरिण झुडपांत शिरते आणि तडफडत मरते. यंत्राने अंदाज अचूक होत असेल, तर ते नाकारणे म्हणजे आपल्या शुद्धतेच्या हौसेसाठी मुक्या जिवाला यातना देणे नव्हे काय?

हा आक्षेप तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांपुढे मांडला असता तर त्यांनी तो सहानुभूतीने ऐकला असता. नव्या साधनांविषयी अढी असणारा हा राजा नव्हता. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास त्यांनी मराठीत कोरविला आणि १८०५ साली त्याच नगरीत देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. परदेशांतून त्यांनी ग्रंथ मागविले, उपकरणे मागविली. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आणि उपचारांच्या नोंदी आजही सरस्वती महालात जपलेल्या आहेत. आंधळ्याला दृष्टी देणारे शस्त्र विलायतेहून आले की तंजावरात घडले, हा प्रश्न त्या महालात गौण होता. रोग्याला दिसू लागले की नाही, एवढाच प्रश्न होता.

आणि नेमका येथेच फरक कळून येतो. वैद्याच्या कामात फळ हेच सर्वस्व असते. मोतीबिंदू निघाला पाहिजे. तो कमी साधनांनी काढला म्हणून वैद्याला अधिक पुण्य लागत नाही. छापखान्याचेही तेच. शंभर प्रती हाताने उतरविण्याचे कष्ट वाचले, तर त्यात कोणाचे काहीच बुडत नाही. धनुष्याची शिकार मात्र त्या जातीची नव्हे. केवळ मांस हवे असेल तर बंदूक आहे, आणि त्याहून सोपा बाजार आहे. जो मनुष्य बंदूक घरी ठेवून धनुष्य उचलतो, तो फळासाठी नव्हे तर मर्यादेसाठी ते उचलतो. मग तीच मर्यादा विजेरीने भरून काढायची, म्हणजे उपवास करावयाचा आणि पोटभर फराळाने तो साजरा करावयाचा.

तरीही सावजाच्या यातनांचा आक्षेप एवढ्याने निकालात निघत नाही. त्याला उत्तर द्यायचे तर थोडे गणित करावे लागते. आजच्या उत्तम कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे नव्वद मीटर वेगाने जातो. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर वेगाने जातो. म्हणजे प्रत्यंचेचा टणत्कार बाणाच्या पुष्कळ आधी हरणाच्या कानी पोहोचतो. हरिण वीस मीटरवर असेल, तर आवाज पोहोचल्यानंतर बाण पोहोचेपर्यंत सेकंदाचा सहावा हिस्सा जातो. एवढ्या अवधीत सावध प्राण्यालाही फारसे काही करता येत नाही. तेच हरिण साठ मीटरवर असेल, तर हा अवधी जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा होतो. दचकलेले हरिण उडी घेण्यापूर्वी पाय दुमडून क्षणभर खाली दबते. अर्ध्या सेकंदात त्याचे अंग बाणाच्या वाटेतून पुरते सरकलेले असते, किंवा, जे अधिक वाईट, अर्धेच सरकलेले असते.

ह्या गणिताचा अर्थ असा की, लेसर किरण हरिण आता कोठे आहे ते बिनचूक सांगतो. अर्ध्या सेकंदानंतर ते कोठे असेल, ते तो सांगू शकत नाही. यंत्राने अनिश्चितता नाहीशी होत नाही, तिच्यातला एक हिस्सा तेवढा कमी होतो. पण शिकाऱ्याचा आत्मविश्वास मात्र संपूर्ण वाढतो. ज्याला अंतराची खात्री नव्हती तो पूर्वी आणखी तीस पावले पुढे सरकला असता, किंवा बाण न सोडताच परतला असता. आता तोच साठ मीटरवरून बाण सोडतो. वीस मीटरच्या आतच बाण सोडण्याचे व्रत पाळून कोणी हे यंत्र वापरील, तर यातना खचित कमी होतील. परंतु वीस मीटरसाठी हे यंत्र कोणी विकत घेत नाही. अचूक अंतर कळल्याने जी दया साधायची, ती वाढलेल्या अंतराने वाहून जाते. जखमी प्राण्याविषयी कणव असेल तर तिचा पहिला उपाय यंत्रात नाही. खात्री नसताना बाण न सोडण्यात आहे.

डोळ्यांनी न पाहता नेम साधण्याच्या सामर्थ्याचे काय होते, हे सांगणारी कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. दशरथाला शब्दवेधी बाणाची विद्या अवगत होती. आवाज कानी पडला की केवळ त्या दिशेने तो अचूक बाण मारी. पावसाळ्याच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी, शरयूच्या पाणवठ्याशी तो सावजाची वाट पाहत दबून बसला होता. पाण्यात घट बुडाल्याचा आवाज आला. हत्ती पाणी पीत आहे असे त्याला वाटले आणि बाण सुटला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. वाल्मीकीने ज्याचे नाव सांगितलेले नाही आणि मराठी मनाने ज्याला श्रावणबाळ म्हणून हृदयाशी धरले, तो आईबापांचा आधार त्या बाणाने गेला. ह्या कथेत दशरथाचा नेम चुकला नव्हता. बाण जेथे जायला हवा होता तेथेच अचूक गेला. चुकला तो निर्णय. अचूकता त्याच्यापाशी होती. समोर कोण आहे हे पाहण्याची सक्ती त्या विद्येने दूर केली होती.

नवलाची गोष्ट ही की, स्वतंत्र भारताने शिकारीचा कायदा केला तेव्हा ह्या कथेतील तीनही दोष त्यात जणू एकेक करून टिपले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रूपात परवाना घेऊन काही शिकार करता येत असे. पण ती कशी करू नये ह्याची एक यादीच त्यात दिली होती. चाकांच्या वा यंत्राच्या वाहनातून शिकार करू नये. विष, जाळी, खड्डे वापरू नयेत. विशेष परवानगीवाचून कृत्रिम प्रकाश वापरू नये. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करू नये. पाणवठ्यावर किंवा तेथे जाणाऱ्या वाटेवर वन्य पशूला मारू नये. रात्र, पाणवठा आणि न दिसणारे लक्ष्य: दशरथाने जे केले, ते ह्या कायद्याला मान्य नव्हते. कायदा करणाऱ्यांच्या मनात रामायण असेल वा नसेल. परंतु साधनाने सावजाचा अखेरचा आसरा हिरावून घेऊ नये, हा न्याय दोन्हींत एकच आहे. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली आणि माणसाच्या जिवाला धोका झालेल्या प्राण्यासारखे थोडे अपवाद तेवढे उरले.

तंजावरच्या दक्षिणपूर्वेस, कावेरीचा सपाट प्रदेश जेथे समुद्राला टेकतो, तेथे कोडियक्करै नावाचे भूशिर आहे. १९६७ साली, तो भाग तंजावर जिल्ह्यातच असताना, तेथे अभयारण्य झाले. खाऱ्या दलदलीकडेच्या माळावर आजही काळवीट चरताना दिसतात, आणि जवळच एका उंचवट्यावर रामाची पावले म्हणून दाखविली जाणारी शिळा आहे. कोदंडधारी रामाची पावले आणि निर्भयपणे चरणारी काळविटे, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला मृगयेच्या वैभवाची हळहळ फारशी वाटणार नाही. आपल्या देशापुरता हा प्रश्न कायद्याने सोडविला आहे, आणि तो योग्य रीतीने सोडविला आहे.

मग धनुष्य आपल्याकडे उरले कोठे? ते मैदानावर उरले. आणि तेथे मराठी मुलांनी त्याला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. २०२३ साली बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड धनुष्याची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदके महाराष्ट्रात आली. स्त्रियांचे साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने आणि पुरुषांचे नागपूरच्या ओजस देवतळेने पटकाविले. ओजसने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. त्यांच्या धनुष्यांवर कप्प्या होत्या, नेमाचे भिंग होते, दोरी सोडण्याचा यांत्रिक खटका होता. पण विजेरीवर चालणारे काही नव्हते. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत त्याला जागाच नाही. बाणाच्या शेपटाशी पेटणारा दिवासुद्धा तेथे चालत नाही. रानावनातून जात अनोळखी अंतरावरची लक्ष्ये वेधण्याची जी स्पर्धा असते, तीत अंतर मोजण्याचे साधन निषिद्ध असते, कारण अंतर ओळखणे हाच त्या विद्येचा अर्धा भाग आहे.

अधू माणसांच्या नावाने जो युक्तिवाद केला जातो, त्याला ह्याच मैदानावर उत्तर मिळते. काश्मीरकडील किश्तवाडची शीतल देवी हिला जन्मतः दोन्ही हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याच्या साहाय्याने दोरी ओढते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमार ह्यांच्या जोडीने तिने कांस्यपदक मिळविले. दोरी ओढण्यासाठी तिला खास साधन लागते, आणि ते तिला नियमाने मिळते. परंतु ते साधन तिच्यासाठी नेम धरत नाही. जे शरीराने नाकारले ते साधनाने द्यावे. जे मनाने आणि डोळ्याने करायचे ते साधनाने हिरावू नये. अपंगत्वाचा आदर करणारी आणि विद्येचाही आदर करणारी अशी ही सीमा आहे.

हे सर्व एकत्र ठेवून पाहिले म्हणजे वादाचा निर्णय फारसा अवघड राहत नाही. कप्पी की विजेरी, लाकूड की कार्बन, जुने की नवे, ह्यावरून सीमा आखू पाहणारे दोन्ही पक्ष थोडे वाट चुकलेले आहेत. पदार्थावरून सीमा आखली तर ती दर दहा वर्षांनी सरकणारच. सीमा आखावी ती क्षणावरून. बाण सुटण्यापूर्वीचा एक काळ असतो आणि बाण सुटल्यानंतरचा एक काळ असतो. बाण सुटण्यापूर्वी पाहणे, अंतर ओळखणे, थांबणे आणि मारावे की न मारावे हे ठरविणे, ही सर्व माणसाची कामे आहेत. त्या काळात अवघी जबाबदारी त्याची आहे, आणि ती त्याची आहे म्हणूनच ती कोणा यंत्राकडे सोपविण्याचा अधिकार त्याला नाही. बाण सुटल्यानंतर मात्र कौशल्याचा प्रश्न संपतो आणि कर्तव्याचा सुरू होतो. बाण कोठे लागला, प्राणी कोठे पडला, त्याच्या यातना लवकर कशा संपवाव्या, ह्यासाठी दिवा लागो, यंत्र लागो, जे मिळेल ते साधन वापरावे. तेथे शुद्धतेचा आग्रह धरणे ही क्रूरता होईल. २०१४ साली जो नियम झाला, त्यात नेमयंत्र नाकारून शेपटाचा दिवा स्वीकारला गेला, तो ह्याच न्यायाला धरून आहे.

ह्या न्यायाला धरूनच अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याने आणखी एक पाऊल टाकले. रानात झाडांना कॅमेरे बांधून ठेवायचे आणि सावज कोणत्या पाणवठ्यावर केव्हा येते ते घरबसल्या पाहायचे, अशी रीत तेथे बोकाळली होती. १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांचा वापर त्या राज्याने बंद केला. कोरड्या प्रदेशात पाणवठा मोजकाच असतो. तेथे प्रत्येक पावलावर डोळा ठेवला तर प्राण्याने जायचे कोठे? तोच कॅमेरा अभयारण्याच्या रक्षकाने लावला, तर काळविटांची गणना होते आणि चोरटे शिकारी सापडतात. यंत्र एकच, पण एके ठिकाणी ते प्राण्याची सुटकेची वाट बंद करते, तर दुसऱ्या ठिकाणी ती राखते.

शिकार आपल्याकडे बंद झाली तरी हा विचार आपल्या कामाचा आहे. अंदाज बांधण्याची, थांबण्याची, निर्णय घेण्याची कामे यंत्राकडे देण्याचा मोह आता केवळ शिकाऱ्यालाच होतो असे नाही. कचेरीतल्या अधिकाऱ्याला तो होतो, परीक्षकाला होतो, वैद्यालाही होतो. यंत्राने जखम शोधावी, यंत्राने नोंद ठेवावी, यंत्राने कष्ट वाचवावे. ह्याला सरफोजी राजांच्या नगरीतही कोणी हरकत घेतली नसती. परंतु ज्या निर्णयाने दुसऱ्याचे बरेवाईट होणार, तो घेताना समोर कोण आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहण्याचे काम माणसाकडेच राहिले पाहिजे.

बृहदीश्वराच्या अंधाऱ्या वाटेतला तो धनुर्धर शिव अजून धनुष्य घेऊन उभा आहे. मेरूचे धनुष्य हाती आहे, विष्णूचा बाण सज्ज आहे, आणि तमिळ कथेप्रमाणे तो बाण सुटायचाच नाही. ज्याच्या हाती सर्व सामर्थ्य आहे, त्याने ते वापरण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढे तरी त्या चित्राकडून घेण्याजोगे आहे.